उद्घाटन झालं, पण परिषद सुरू झाली का? पहिल्या बैठकीची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

गेली काही वर्षं मी नाशिकमधल्या कॉलेजांच्या मॉक परिषदांना मदतीला जातो. म्हणजे पोरंपोरी देशांचे प्रतिनिधी होऊन बसतात, कोणी केनिया, कोणी जपान, आणि दोन दिवस पाणी, हवामान, निर्वासित असा एखादा विषय घेऊन खऱ्या आंतरसरकारी परिषदेसारखं कामकाज चालवतात. भाषणं भारी होतात, ठरावही बरे लिहितात. पण पहिला तास दरवर्षी गंडतो आणि कारण दरवर्षी तेच. उद्घाटन समारंभ झाला म्हणजे परिषद सुरू झाली असं सगळे धरून चालतात.

शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचं मनोगत, हे सगळं झालं तरी परिषद कागदावर अजून बंदच असते. ती सुरू होते सात-आठ छोट्या निर्णयांनी, ठरलेल्या क्रमाने, आणि त्यातला प्रत्येक निर्णय आधीच्यावर उभा असतो. अध्यक्ष नसेल तर कामकाजाचे नियम मंजूर कोण करून घेणार, नियम नसतील तर अजेंड्यावर मतभेद झाला की कशाच्या आधारे सोडवणार, आणि अजेंडाच मंजूर नसेल तर जो तो बोलतोय ते कोणत्या विषयावर बोलतोय?

मागे एका कॉलेजात नेमकं हेच झालं. दुपारी दोन वाजता पहिल्यांदा मतदान घ्यायची वेळ आली आणि फ्रान्सच्या पाटीमागे बसलेली एक मुलगी शांतपणे उठून म्हणाली, अध्यक्ष महोदय, आपण कोणत्या नियमांनुसार मत घेतोय, कारण नियम मंजूर झाल्याचं मला आठवत नाही. अध्यक्षाने सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीने माझ्याकडे, मी छताकडे. पुढचा पाऊण तास सकाळचं कामकाज परत करण्यात गेला. हा लेख त्या पाऊण तासासाठी आहे.

टप्पा १ : परिषद कोणी बोलावली आणि कोण येऊ शकतं, हे एका पानावर लिहा

खऱ्या परिषदेच्या मागे एक निर्णय असतो, बहुतेक वेळा यूएन महासभेचा ठराव किंवा एखाद्या करारातलं कलम. त्यात जागा, तारखा, विषय आणि कोणाला बोलवायचं हे ठरलेलं असतं. यूएनची परिषद मुख्यालयाबाहेर भरवली तर होणारा जादा खर्च यजमान देशाने उचलायचा असा नियम महासभेच्या १९८५ च्या ४०/२४३ या ठरावात आहे, आणि यजमान देश व यूएन यांच्यात वेगळा करार होतो ज्यात सुरक्षा, व्हिसा, प्रतिनिधींचे विशेषाधिकार, इमारत, सगळं येतं.

तुम्हाला एवढं सगळं नको, एक पान पुरे. पण त्या पानावर तीन याद्या स्वच्छ वेगळ्या पाहिजेत: मत असलेले देश, मत नसलेले निरीक्षक, आणि संस्था. इथेच पहिली गल्लत होते. पॅलेस्टाइन आणि होली सी (व्हॅटिकनची धर्मसत्ता) यूएन महासभेत निरीक्षक राष्ट्रं आहेत, तिथे त्यांना मत नाही. पण यूएनच्या हवामान कराराच्या परिषदेत पॅलेस्टाइन पूर्ण पक्षकार आहे. युरोपियन युनियनचंही तसंच, महासभेत निरीक्षक आणि हवामान करारात स्वतः पक्षकार. म्हणजे तुमची परिषद कोणत्या चौकटीतली आहे हे आधी ठरवल्याशिवाय मताची यादी बनतच नाही.

सावध: खरोखरचे परदेशी पाहुणे बोलवत असाल तर गोष्ट वेगळी. मग परराष्ट्र मंत्रालय आणि गृह मंत्रालयाच्या परवानग्या आणि पाहुण्यांसाठी कॉन्फरन्स व्हिसा हे विषय येतात. ते महिना-दीड महिन्यात उरकेल अशा भ्रमात राहू नका, निमंत्रणं पाठवायच्या आधी तिकडे हात घाला.

टप्पा २ : कागदांवर 'तात्पुरता' हा शब्द छापा

बारीक गोष्ट वाटते पण लई महत्त्वाची आहे. परिषद भरायच्या आधी जो अजेंडा पाठवता तो 'तात्पुरता अजेंडा' असतो. नियमसुद्धा 'तात्पुरते नियम'. परिषदेने मंजूर केले की मगच तो शब्द गळतो. आपल्याकडे सरळ 'अजेंडा' छापून फोल्डरमध्ये घालतात, आणि मग प्रतिनिधींना वाटतं हे वरून ठरून आलंय, आपण काय मंजूर करायचं? मंजुरी हा त्यांचा अधिकार आहे आणि कागदच तो काढून घेतोय.

वेळ किती आधी? महासभेच्या नित्य अधिवेशनाचा तात्पुरता अजेंडा निदान ६० दिवस आधी जातो, हवामान परिषदेचा निदान सहा आठवडे आधी. मॉक परिषदेला १५ दिवस पुरतात, पण आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकलेली पीडीएफ धरायची नाही. पोरं वाचत नाहीत आणि मग सकाळी अजेंड्यावर हरकत घेतात, ती पण विषय न वाचता.

तात्पुरत्या अजेंड्यातले पहिले मुद्दे यूएनच्या बहुतेक मोठ्या परिषदांत साधारण असे असतात, हा क्रम तसाच उचला:

१. परिषदेची सुरुवात
२. अध्यक्षाची निवड
३. नियमांना मंजुरी
४. अजेंड्याला मंजुरी
५. अध्यक्ष सोडून इतर पदाधिकाऱ्यांची निवड
६. कामाची आखणी, समित्या नेमणं
७. प्रतिनिधींची क्रेडेन्शियल्स (देशाने दिलेली अधिकारपत्रं): समिती नेमणं, मग तिचा अहवाल

विषयाची चर्चा याच्यानंतर. कोणीतरी दरवर्षी मला विचारतं की सर, नियम मंजूर व्हायच्या आधी अध्यक्ष कसा निवडायचा. प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की तात्पुरत्या नियमांच्या आधारे आणि सर्वसंमतीने. म्हणूनच अध्यक्षाचं नाव आधी ठरलेलं असावं लागतं, ते टप्पा ४ मध्ये येतंय.

टप्पा ३ : क्रेडेन्शियल, फुल पॉवर्स आणि गळ्यातला बिल्ला

या तीन गोष्टी आपल्याकडे एकाच टेबलावर एकाच रजिस्टरमध्ये उरकतात. तिन्ही वेगळ्या आहेत.

गळ्यातला बिल्ला म्हणजे तुम्ही गेटमधून आत येऊ शकता, बस. क्रेडेन्शियल म्हणजे 'ही माणसं आमच्या देशाच्या वतीने बसतील' असं देशाने दिलेलं पत्र, ज्यावर राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्र्याची सही लागते. महासभेच्या नियमानुसार ते शक्यतो अधिवेशनाच्या निदान एक आठवडा आधी महासचिवांकडे द्यायचं असतं. हवामान परिषदेत सुरुवात झाल्यापासून २४ तासांपर्यंत चालतं. आणि फुल पॉवर्स म्हणजे करारावर सही करण्याचा अधिकार, तो वेगळा कागद. देशांनी करार कसे करायचे याचे नियम सांगणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या ७ व्या कलमानुसार राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना तो वेगळा दाखवावा लागत नाही, बाकीच्यांना साधारणपणे लागतो.

आपल्याकडची नेहमीची चूक: देशाचं पत्र प्रतिनिधी स्वतःच सही करून आणतो. 'मी केनियाचा प्रतिनिधी आहे, सही, मीच.' हे चालत नाही. मॉकमध्ये प्रत्येक देशाला एक शिक्षक किंवा सिनियर विद्यार्थी परराष्ट्रमंत्री म्हणून नेमून द्या आणि त्यांच्या सहीची पत्रं आठवडाभर आधी गोळा करा. सोपं आहे, शिवाय पोरांना फरक कळतो.

तपासा: पत्रातलं नाव, बिल्ल्यावरचं नाव आणि बोलणाऱ्यांच्या यादीतलं नाव तिन्ही एकच आहे का. एकदा तिन्हीकडे वेगवेगळी स्पेलिंगं होती आणि पोरगा एकच होता.

टप्पा ४ : आदल्या दिवशीची बैठक, खरं काम इथेच होतं

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात जास्त महाग पडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला स्नान करतात. कोण कधी निघणार, कोणाची मिरवणूक पुढे, कोणाला घाटावर किती वेळ, हे घाटावर उभं राहून ठरत नाही, कितीतरी आधी बसून ठरतं. घाटावर ठरवायला गेलं तर काय होईल हे नाशिककराला सांगायला नको. परिषदेतही तसंच. मोठ्या यूएन परिषदांच्या आधी, बहुतेक आदल्या दिवशी, अधिकारी पातळीवर सल्लामसलत होते आणि पहिल्या बैठकीतला जवळपास प्रत्येक निर्णय तिथे तोंडी पक्का होतो. दुसऱ्या दिवशी अध्यक्षाचा हातोडा सपासप पडताना दिसतो तो या बैठकीमुळे.

इथे काय काय ठरवायचं: अध्यक्ष कोण (बहुतेक यजमान देशाचा, तसा रिवाज आहे), उपाध्यक्ष किती आणि कोणत्या गटातून, रॅपोर्टर (परिषदेचा अहवाल लिहिणारा) कोण, समित्या किती, क्रेडेन्शियल समितीत कोण, आणि अजेंड्यावर कोणाचा आक्षेप आहे का. उपाध्यक्षपदं यूएनच्या पाच प्रादेशिक गटांत वाटली जातात: आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, आणि पश्चिम युरोप व इतर. हवामान परिषदेचं पदाधिकारी मंडळ ११ जणांचं असतं, प्रत्येक गटाचे दोन आणि छोट्या बेटांच्या देशांचा एक. तुम्ही ११ करू नका, पाच पुरेत. पण प्रत्येक गटाने आपलं नाव आपण द्यायचं, सेक्रेटरिएटने (परिषदेच्या कार्यालयाने) ठरवून सांगायचं नाही. इथे चूक झाली की राग दोन दिवस टिकतो.

अजेंड्यावरचा आक्षेप आदल्या दिवशी सुटला नाही तर काय होतं याचं उदाहरण जर्मनीतल्या बॉनचं घ्या. डिसेंबर २०१२ मध्ये दोहाच्या हवामान परिषदेत अध्यक्षांनी रशियाचा आक्षेप मागे टाकून घाईघाईत हातोडा आपटला. सहा महिन्यांनी, जून २०१३ ला बॉनमध्ये रशिया, बेलारूस आणि युक्रेन या तिघांनी निर्णय कसे घेतले जातात यावरच नवा मुद्दा अजेंड्यात मागितला, आणि अंमलबजावणीच्या उपसमितीचा अजेंडा शेवटपर्यंत मंजूर झाला नाही. दोन आठवड्यांचं अधिवेशन, त्या समितीचं काम शून्य. २०२३ च्या जूनमध्ये परत बॉनला अजेंडा मंजूर व्हायला अधिवेशन संपायच्या आदल्या दिवसापर्यंत वेळ लागला, तोवर सगळं 'तात्पुरत्या' अजेंड्यावर चालवलं. म्हणजे तो शब्द किती कामाचा आहे बघा.

बैठक झाली की रात्रीच अध्यक्षाची स्क्रिप्ट लिहा. प्रत्येक निर्णयाला एक परिच्छेद, मोठा टाइप, एका बाजूला छापलेली पानं, पिन न मारता. पिन मारली की पान उलटताना माइकमध्ये खरखर होते, आणि मधलंच पान बदलावं लागलं तर अडचण.

सावध: स्क्रिप्ट दोन लिहा. एक हरकत आली नाही तर, दुसरी हरकत आली तर. दुसरी लिहायला सगळेच कंटाळतात.

टप्पा ५ : हॉल

पाट्यांचा क्रम ही सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट. महासभेत पहिल्या खुर्चीचा देश चिठ्ठी काढून ठरतो आणि तिथून पुढे इंग्रजी वर्णक्रमाने सगळे बसतात. नाव मात्र यूएनच्या यादीतलं पाहिजे. दक्षिण कोरिया 'के' मध्ये शोधाल तर सापडणार नाही, ते 'रिपब्लिक ऑफ कोरिया' म्हणून 'आर' मध्ये आहेत, आणि उत्तर कोरिया 'डी' मध्ये. टांझानिया 'युनायटेड रिपब्लिक ऑफ टांझानिया' म्हणून 'यू' मध्ये, रशिया 'रशियन फेडरेशन'. आयव्हरी कोस्ट म्हणायचं नाही, कोत दिव्वार, 'सी' मध्ये.

परिषद मराठीत चालवत असाल (चालवा, चांगली होते) तर क्रम कोणता हे आधी लिहून ठरवा. आमच्याकडे एकदा अर्ध्या पाट्या मराठी वर्णक्रमाने आणि अर्ध्या इंग्रजीने लागल्या, 'युनायटेड किंगडम' 'य' मध्ये होतं आणि त्याचीच दुसरी पाटी 'ब्रिटन' म्हणून 'ब' मध्ये. दोन्हीकडे पोरं बसली होती.

झेंडे. टेबलावरचे छोटे झेंडे गावातूनच करून घेतो आम्ही, आणि दरवेळी एक तरी उलटा लागतो. इंडोनेशियाचा वर लाल खाली पांढरा, पोलंडचा वर पांढरा खाली लाल, एकच कापड उलटं केलं की देश बदलतो. फिलिपिन्सचा निळा पट्टा वर पाहिजे, लाल वर गेला की त्याचा अर्थ युद्धकाळ असा होतो. काठीला लावायच्या आधी प्रत्येक झेंडा फोटोशी जुळवून बघणारं एक माणूस ठेवा, त्या माणसाला त्या दिवशी दुसरं काहीही काम देऊ नका.

मोठे झेंडे एका ओळीत उभे करणार असाल तर आपली ध्वजसंहिता लागू आहे. तिरंगा ओळीच्या अगदी उजव्या टोकाला, म्हणजे ओळीच्या मध्यभागी प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या उजव्या हाताला, आणि तिथून बाकीचे देश इंग्रजी नावाच्या वर्णक्रमाने. ओळीची सुरुवात आणि शेवट दोन्ही तिरंग्याने केलं तरी चालतं. सगळे झेंडे एकाच आकाराचे, एकाच उंचीवर. प्रेक्षकात बसून 'उजवीकडे' म्हणू नका, तिथेच घोळ होतो.

भाषांतर ठेवणार असाल तर एका बूथमध्ये एका भाषेसाठी दोन माणसं, साधारण २०-३० मिनिटांनी आलटून पालटून. एकच पोरगी तीन तास भाषांतर करेल असं धरू नका, चाळीस मिनिटांनंतर ती देशांची नावंच गाळायला लागते. आणि भाषण लिहून आणलंय तर त्याची एक प्रत आधी बूथमध्ये पोचवा.

तपासा: इन्व्हर्टर माइकला जोडलाय का (पंख्याला नाही). रिकाम्या पाट्या पाच जादा ठेवल्यात का. अध्यक्षाच्या टेबलावर हातोडा आहे का. तिसऱ्यावर हसू नका, एकदा आम्ही पेपरवेट वापरलाय.

टप्पा ६ : समारंभ करा, पण वेगळा

दीपप्रज्वलनाला माझा विरोध नाही. करा, हौसेने करा. फक्त कामकाजाच्या बैठकीत मिसळू नका. समारंभ आधी, मग पंधरा मिनिटं चहा, मंचावरच्या खुर्च्या बदला, पाहुणे खाली पहिल्या रांगेत, आणि मग बैठक. समारंभात एकही निर्णय घ्यायचा नाही, 'आता परिषद सुरू झाली असं जाहीर करतो' हे वाक्य तर पाहुण्यांच्या भाषणातून आधीच काढून टाका.

पाहुणे उशिरा आले तर? नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले असं कारण येतंच. समारंभ पुढे ढकलला की बैठकही ढकलली जाते, म्हणून मी सरळ उलटं करायला सांगतो, बैठकीची वेळ पक्की आणि समारंभ लवचिक. पाहुणे नंतर आले तर दुपारी सत्कार करा, शाल कुठे पळून जात नाही.

टप्पा ७ : पहिली बैठक

आदल्या दिवशीची बैठक नीट झाली असेल तर हे सगळं पंचवीस-तीस मिनिटांत होतं.

आधी कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी. महासभेत एक तृतीयांश सदस्य हजर असले की बैठक सुरू करून चर्चा चालू देता येते, पण निर्णय घ्यायचा तर निम्म्याहून जास्त सदस्य हजर लागतात. पहिल्या बैठकीत सगळे निर्णयच आहेत, त्यामुळे निम्म्याहून जास्त पाट्यांमागे माणूस दिसेपर्यंत थांबा.

मग सुरुवात कोण करतं? अध्यक्ष अजून निवडलेलाच नाही, त्यामुळे यूएनच्या परिषदेत महासचिव किंवा त्यांचा प्रतिनिधी बैठक उघडतो आणि अध्यक्ष निवडेपर्यंत तोच चालवतो. मॉकमध्ये इथे प्राचार्य बसवतात, ते चूक. मुख्य सेक्रेटरी विद्यार्थ्याला बसवा, प्राचार्यांना समारंभात मान दिलाय तो पुरे.

एक मिनिट शांतता. महासभेच्या नियमातच आहे, पहिली बैठक उघडल्याबरोबर आणि शेवटची संपायच्या आधी, प्रार्थना किंवा मनन यासाठी. आपला निवेदक हमखास 'दिवंगतांना श्रद्धांजली' म्हणून टाकतो. श्रद्धांजली नाहीये ती. निवेदकाच्या कागदावर नेमके शब्द लिहून द्या.

अध्यक्षाची निवड. इथे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे: 'हरकत दिसत नाही, तसं ठरलं.' त्याच्या आधी थांबायचं. अध्यक्षाने डावीकडून उजवीकडे सगळा हॉल बघायचा, मनात तीन मोजायचं, शेजारी बसलेल्या सेक्रेटरीने मागच्या रांगा बघायच्या, त्याने मान हलवली की हातोडा. पोरं घाईत 'हरकत नाही ना तसं ठरलं' एका श्वासात म्हणतात आणि हातोडा शब्दाच्या आधी पडतो. दोहाचं आठवा.

निवड झाली की सुरुवात करणारा खाली उतरतो, नवीन अध्यक्ष वर येतो, दोन मिनिटं बोलतो. दोनच. आणि एक नियम लक्षात ठेवा: महासभेत अध्यक्ष स्वतः मत देत नाही, त्याच्या देशाच्या शिष्टमंडळातला दुसरा माणूस देतो. त्यामुळे ज्या देशाचा अध्यक्ष आहे त्या देशाला निदान दोन प्रतिनिधी हवेतच. आमच्याकडे एकदा अध्यक्षानेच मंचावरून भारताची पाटी वर केली होती.

नियमांना मंजुरी. साधं वाटतं, पण समुद्राच्या कायद्यावरची तिसरी यूएन परिषद डिसेंबर १९७३ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि तिचे नियम मंजूर झाले ते जून १९७४ ला काराकासमध्ये, कारण मत केव्हा घ्यायचं यावरच वाद होता. हवामान परिषदेत तर १९९५ पासून मतदानाच्या एका नियमावर एकमत नाही, तो नियम सोडून बाकीचे मसुदा नियमच लागू करून आजपर्यंत काम चाललंय. तुमच्याकडे वाद येईल तो याच जागी, मजकूर मंजुरीला साधं बहुमत की दोन तृतीयांश. व्हिएन्ना कराराचं ९ वं कलम म्हणतं, परिषदेत कराराचा मजकूर हजर राहून मत देणाऱ्या देशांच्या दोन तृतीयांशाने, आणि दुसरा नियम हवा असेल तर तोही दोन तृतीयांशानेच ठरवायचा. 'हजर राहून मत देणारे' म्हणजे हो किंवा नाही म्हणणारे. तटस्थ राहिलेले यूएनच्या नियमांत मोजायचे नाहीत, ही बेरीज दरवर्षी चुकते: ६० पैकी २८ हो, १२ नाही, २० तटस्थ, तर भागायचं ४० ने. २८ म्हणजे ७० टक्के, मंजूर. साठने भागलं असतं तर पडलं असतं.

अजेंडा, मग इतर पदाधिकारी, मग समित्या. हे पटापट, स्क्रिप्ट वाचून. फक्त प्रत्येकाला वेगळा हातोडा. तीन निर्णय एका हातोड्यात बांधू नका, नंतर कोणी एकावर शंका काढली की तिन्ही लोंबकळतात.

क्रेडेन्शियल समिती. महासभेत नऊ देशांची, अध्यक्षाच्या सूचनेवरून नेमलेली, आणि इतर यूएन परिषदांत बहुतेक तेच नऊ देश घेतात. तुम्ही तीन घ्या. समिती आज फक्त नेमायची, अहवाल नंतर. तोपर्यंत सगळे तात्पुरते बसतात, पूर्ण हक्काने.

टप्पा ८ : कोणी उभं राहिलंच तर

पॉइंट ऑफ ऑर्डर (कामकाज नियमाला धरून नाही अशी हरकत) आला की अध्यक्षाने लगेच निर्णय द्यायचा, चर्चा उघडायची नाही. त्या निर्णयाला कोणी आव्हान दिलं तर ते लगेच मताला टाकायचं, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने उलटवला नाही तर अध्यक्षाचा निर्णय कायम. 'दोन मिनिटं विचार करू' म्हणून सेक्रेटरीच्या कानात कुजबुज करत बसलात तर हॉल हातातून गेला समजा.

एखाद्या देशाच्या प्रतिनिधीवरच हरकत आली, म्हणजे 'हे सरकारच आम्हाला मान्य नाही', तर वाद मैदानात घ्यायचा नाही, समितीकडे पाठवायचा. हरकत घेतलेला प्रतिनिधी तोपर्यंत तात्पुरता बसतो. महासभेत हे वेगवेगळ्या प्रकारे सुटलंय. १९९७ ला कंबोडियाबाबत समितीने निर्णय लांबवला आणि जागा रिकामी राहिली. २०२१ ला म्यानमार आणि अफगाणिस्तानबाबतही निर्णय लांबवला, पण तिथे आधीच्या सरकारांचे प्रतिनिधी बसत राहिले. पोरं हे उदाहरण ऐकून दोन दिवस फक्त यावरच भांडायला तयार असतात, म्हणून समितीला अहवालाची वेळ घड्याळ लावून द्या.

अजेंड्यावर हरकत आली तर तीन वाटा: तो मुद्दा बाजूला ठेवून बाकीचा अजेंडा मंजूर करायचा, किंवा तात्पुरत्या अजेंड्यावर काम सुरू करून अध्यक्षाने बाजूला बोलणी चालू ठेवायची, किंवा बैठक वीस मिनिटं थांबवायची. मी तिसरी शेवटी ठेवतो. हॉलमधली माणसं एकदा बाहेर गेली की मिसळ खायला जातात आणि कोरम तर्रीत बुडतो.

टप्पा ९ : हातोडा ठेवल्यावर पहिल्या तासात

सेक्रेटरिएटने लगेच अर्धं पान काढायचं: कोणता निर्णय, कोणत्या मुद्द्याखाली, किती वाजता, हरकत होती का. भाषणांचा सारांश नको. 'तात्पुरता' शब्द काढून अजेंडा परत छापायचा, मंजूर झालेल्या नियमांचंही तेच. बोलणाऱ्यांची यादी उघडायची, त्यात पदाच्या क्रमाने, राष्ट्रप्रमुख आधी, मग सरकारप्रमुख, मग मंत्री, मग बाकीचे (महासभेत ब्राझील पहिला बोलतो तो तिथला रिवाज आहे, तुमच्याकडे आणायची गरज नाही). क्रेडेन्शियल समितीला खोली, पत्रांची फाइल आणि वेळ द्यायची.

आणि हे अर्धं पान दुपारच्या बैठकीच्या आधी प्रत्येक पाटीसमोर कागदावर ठेवायचं, ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नाही. फ्रान्सच्या पाटीसमोर दोन प्रती ठेवा.